'जी-एच'ची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाची पहिली अडचण व्याकरणाची नसते, अक्षरांची असते. बाळबोध लिपीनें त्याला एक संवय लावून ठेवलेली असते : जसें लिहिलें असेल तसें वाचावें आणि जसें ऐकलें असेल तसें लिहावें. ही संवय घेऊन तो इंग्रजीच्या दारांत येतो, आणि एके दिवशीं त्याच्यापुढें रात्र या अर्थाचा 'नाईट' हा शब्द उभा राहतो. एन, आय, जी, एच, टी अशीं पांच अक्षरें. त्यांपैकीं तिघांचा उच्चार होतो. उरलेलीं दोन, जी आणि एच, पंक्तींत पान मांडून बसलेल्या पण घांस न घेणाऱ्या पाहुण्यांसारखीं मुकाट बसून असतात. 'हीं येथें कशाला?' या मुलाच्या प्रश्नाला 'तीं सायलेंट आहेत, पाठ कर' याहून निराळें उत्तर बहुधा मिळत नाहीं. आणि पाठ केलेलें विसरलें म्हणजे गुण मात्र जातात.

पुढें त्याचा गोंधळ वाढतच जातो. 'नाईट'मध्यें मुकी असलेली हीच जोडी हसणें या अर्थाच्या 'लाफ' शब्दांत 'फ' होऊन बोलूं लागते. भूत या अर्थाच्या 'गोस्ट' शब्दांत ती आरंभींच 'ग' होऊन बसते. आणि आपले घाट, आपले घोरपडे, आपले घाटे रोमन अक्षरांत लिहावयाचे झाले कीं तीच जोडी चक्क 'घ' होते. तिच्या मागें ओ आणि यू हीं दोन अक्षरें येऊन बसलीं म्हणजे तर कहरच. ओ-यू-जी-एच ही एकच चौकडी 'जरी' या अर्थाच्या 'दो'मध्यें 'ओ' होते. 'मधून' या अर्थाच्या 'थ्रू'मध्यें 'ऊ'. नांगराच्या 'प्लाउ'मध्यें 'आउ'. खोकल्याच्या 'कॉफ'मध्यें 'ऑफ'. खडबडीत या अर्थाच्या 'रफ'मध्यें 'अफ'. विचार या अर्थाच्या 'थॉट'मध्यें नुसता 'ऑ'. आणि परिपूर्ण या अर्थाच्या 'थरो'च्या शेवटीं इंग्रज माणूस जो अर्धवट 'अ' पुटपुटतो, तोहि हीच चौकडी. शब्द सात, अक्षरें तींच, उच्चार सात !

अशा व्यवहाराची थट्टा झाली नसती तरच नवल. मासा या अर्थाचा 'फिश' हा शब्द जी-एच-ओ-टी-आय असाहि लिहितां येईल, हा विनोद पुष्कळांनीं ऐकला असेल. 'इनफ'मधील जी-एचचा फ, 'विमेन'मधील ओचा इ आणि 'नेशन'मधील टी-आयचा श घेतला कीं झाला फिश तयार. हा विनोद बर्नार्ड शॉच्या नांवावर खपतो. परंतु चार्ल्स ऑलियर या प्रकाशकानें ले हंट या निबंधकारास १८५५ सालीं लिहिलेल्या पत्रांत तो आढळतो, आणि शॉचा जन्म १८५६ सालचा आहे. विनोद चांगला आहे, पण त्याचें प्रमेय खोटें आहे. इंग्रजी शब्दाच्या आरंभीं जी-एचचा उच्चार फ असा कधींच होत नाहीं, आणि शब्दाच्या शेवटीं टी-आयचा श होत नाहीं. म्हणजे हीं अक्षरें मनाला येईल तशीं वागत नाहींत. त्यांच्या वागण्यास कांहीं रीत आहे. आणि ती रीत समजून घ्यावयाची तर त्यांचें कुळ आणि मूळ शोधावें लागतें. तें शोधूं गेल्यास सुमारें तेराशें वर्षांचा इंग्लंडचा इतिहास या दोन मुक्या अक्षरांत सांठलेला आढळतो.

आरंभ करावयाचा तो या गोष्टीपासून कीं, हीं अक्षरें एके काळीं मुकीं नव्हतीं. अँगल, सॅक्सन इत्यादि जर्मन वंशाच्या टोळ्या पांचव्या शतकांत ब्रिटनमध्यें उतरल्या, तेव्हां त्यांच्या बोलींत घशांतून घासून निघणारा एक ध्वनि होता. उर्दू बोलणारा मनुष्य 'खबर' किंवा 'खुदा' म्हणतांना जो घर्षणयुक्त ख उच्चारतो, त्याच्या अगदीं जवळचा हा ध्वनि. रात्रीला ते 'निख्त' म्हणत, मुलीला 'दोख्तोर', विचाराला 'थोख्त', योग्य गोष्टीला 'रिख्त'. इ. स. ५९७ मध्यें ऑगस्टीन हा धर्मोपदेशक रोमहून केंटमध्यें आला आणि त्याच्यामागोमाग रोमन लिपि इंग्लंडांत स्थिर झाली. लॅटिन भाषेंत हा ध्वनि नसल्यामुळें लॅटिनच्या लिपींत त्याला अक्षर नव्हतें. तेथील भिक्षूंनीं त्यांतल्या त्यांत जवळचें म्हणून एच हें अक्षर त्याच्याकडे लावून दिलें. जुन्या इंग्रजी पोथ्यांत 'निख्त' हा शब्द एन-आय-एच-टी असा चारच अक्षरांचा आहे, आणि त्या चारींचाहि उच्चार होत असे.

हा ध्वनि खरोखर होता याविषयीं कोणास शंका असेल, तर त्यानें इंग्रजीच्या भावंडांकडे पाहावें. जर्मन मनुष्य आजहि रात्रीला 'नाख्ट' म्हणतो, मुलीला 'टोख्टर' आणि आठांस 'आख्ट'. स्कॉटलंडांतील बोलींत रात्र अद्याप 'निख्त' आहे, आणि तेथील सरोवराला 'लॉख' म्हणतात. इंग्रजी राजधानीनें जो ध्वनि टाकला तो शेजाऱ्यांनीं जपून ठेवला आहे.

याहून दूरचे नातलग पाहावयाचे तर ते आपल्याच घरांत आहेत. सर विल्यम जोन्स यानें १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें केलेल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत असें प्रतिपादन केलें. पुढें १८२२ मध्यें याकोब ग्रिम यानें जर्मन कुळांतील भाषांत व्यंजनें कोणत्या नियमानें बदललीं हें दाखवून दिलें. त्या नियमानुसार मूळ भाषेंतील 'क' जर्मन कुळांत शिरतांना घशांतील घर्षण होतो. आणि इंग्रजींत जेथें जी-एचनंतर टी येतो तेथें लॅटिनमध्यें पुष्कळ वेळां क आणि त यांचें जोडाक्षर आढळतें. आठांना लॅटिनमध्यें 'ऑक्टो', सरळ याला 'रेक्टुस', रात्रीच्या अंगाला 'नोक्त'. आणि आपल्याकडे रात्रीचा जुना शब्द 'नक्त', ज्यावरून दिवसा उपास करून रात्रीं जेवण्याच्या व्रतास आपण नक्त म्हणतों. 'डॉटर' ही आपली 'दुहिता' आहे. हलकें या अर्थाचा 'लाईट' हा आपला 'लघु' आहे. झाडाची फांदी या अर्थाचा 'बाउ' हा शब्द जुन्या इंग्रजींत खांदा किंवा हात या अर्थीं वापरीत. तो आपला 'बाहु' होय. मळलेल्या कणकेला इंग्रजींत 'डो' म्हणतात. तो शब्द लिंपणें या अर्थाच्या 'दिह्' धातूचा, म्हणून 'देह' शब्दाचा भाऊबंद. आणि ज्या 'लेडी' शब्दाचा आज एवढा थाट आहे, त्याचा मूळ अर्थ भाकरीचें पीठ मळणारी एवढाच. त्याच्या पोटांत हाच 'डो' दडलेला आहे. या सर्व शब्दांत 'लेडी' सोडून जी-एच हीं अक्षरें शिल्लक आहेत, आणि त्यांच्याच आधारानें कुळ ओळखतां येतें. तीं पुसलीं कीं घराण्याची ही खूण पुसली.

मग एचच्या जोडीला जी कोठून आला? याचें उत्तर राजकीय आहे. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. पुढील दोन-तीनशें वर्षांत ज्या लेखकांनीं इंग्रजी पोथ्या उतरल्या, त्यांचा हात फ्रेंच वळणावर बसलेला होता. फ्रेंचांचा एच अगदींच दुबळा. इंग्रजांच्या त्या खणखणीत घर्षणाला तो पुरा पडेना. प्रथम त्यासाठीं 'योख' नांवाचें, आपल्या तीनच्या आंकड्यासारखें दिसणारें, एक जुनें अक्षर वापरूं लागले. पुढें तें मागें पडून जी आणि एच यांची जोडी आली. स्कॉटलंडांत मुद्रकांपाशीं योखाचा खिळा नसल्यामुळें त्यांनीं दिसण्यांत जवळचा म्हणून झेडचा खिळा वापरला; त्यामुळें 'मेंझीज' असें लिहिलें जाणारें आडनांव जुन्या स्कॉटिश घराण्यांत 'मिंगिस' असें उच्चारलें जातें. एका खिळ्याच्या अभावीं आडनांव बदलतें तें असें !

त्या काळीं एकच शब्द दहा गांवीं दहा तऱ्हांनीं लिहीत. मध्ययुगाच्या उत्तरार्धांतील इंग्रजी बोलींचा जो मोठा नकाशासंग्रह १९८६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत एकट्या 'थ्रू' या शब्दाचीं पांचशेंच्या आसपास लेखनरूपें नोंदलेलीं आहेत. यांतून एक रूप निवडण्याचें काम कोणा व्याकरणकारानें केलें नाहीं. तें कचेऱ्यांनीं आणि छापखान्यांनीं केलें. पांचव्या हेन्रीनें १४१७ पासून आपलीं पत्रें इंग्रजींत धाडण्यास सुरुवात केली. राजाच्या कचेरींतील कारकुनांचें वळण हळूहळू देशाचें वळण बनलें. त्यानंतर १४७६ मध्यें विल्यम कॅक्स्टन यानें वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडांतील पहिला छापखाना काढला. कॅक्स्टनचें सुमारें तीस वर्षांचें आयुष्य समुद्रापलीकडे फ्लँडर्सच्या बाजूस गेलें होतें, आणि त्याच्या छापखान्यांत त्या बाजूचें वळण आलें. 'गोस्ट' हा शब्द मुळांत साध्या जीनें लिहीत. त्यांतील एच ही कॅक्स्टनच्या छापखान्याची देणगी आहे. फ्लेमिश भाषेंत भूत या शब्दाच्या आरंभीं जी-एच लिहीत, तें येथें उतरलें.

आतां या कथेंतील करुण भाग येतो. लेखन स्थिर होऊं लागलें नेमकें त्याच वेळीं ध्वनि मरूं लागला. १४०० मध्यें वारलेल्या चॉसरच्या काळीं वीर या अर्थाच्या 'नाईट' शब्दाचीं सर्व अक्षरें बोलत असत; त्याचा उच्चार 'क्निख्त' होता. (या शब्दाचें भाग्यहि पाहण्यासारखें आहे. त्याचा जुना अर्थ पोऱ्या, चाकर. इंग्लंडांत राजाचा चाकर सरदार झाला आणि शब्द घोड्यावर चढला. जर्मनींत त्याचा भाऊ 'क्नेख्ट' मात्र गडीच राहिला.) त्यानंतरच्या दोन-अडीच शतकांत लंडन आणि दक्षिणेकडील भागांत घशांतील तें घर्षण नाहींसें झालें. शेक्सपिअरच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या १५९८ सालीं छापलेल्या नाटकांत होलोफर्निस नांवाचा एक पंतोजी आहे. शेजारी या अर्थाच्या शब्दांतील जी-एच गिळून बोलणाऱ्या लोकांवर तो दांतओठ खातो. प्रेक्षकांनीं हसावयाचें तें पंतोजीला. म्हणजे त्या सुमारास रस्त्यांत तो ध्वनि संपला होता आणि पंडितांच्या आग्रहांत उरला होता. मिल्टन ज्या सेंट पॉल शाळेंत शिकला तिचा मुख्याध्यापक अलेक्झांडर गिल यानें १६१९ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणांत या ध्वनीला अद्याप निराळें अक्षर दिलेलें आहे. त्यानंतर पंडितांनींहि नाद सोडला.

परंतु ध्वनि मेला तो उगाच मेला नाहीं. जातांना वारसा ठेवून गेला. 'निख्त'मधील इ ऱ्हस्व होती. पुढचें घर्षण गळून पडतांच ती दीर्घ झाली, जणूं मृताची मात्रा तिला मिळाली. ही दीर्घ ई पुढें त्या काळच्या सर्वच दीर्घ स्वरांबरोबर फिरली आणि 'आय' झाली. मराठी वाचकाला या घटनेचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. 'सप्त'चें प्राकृतांत 'सत्त' झालें आणि मराठींत त्यांतील एक त गळतांना मागचा अ दीर्घ होऊन 'सात' झालें. 'हस्त'चा 'हत्थ' होऊन 'हात' झाला. 'अष्ट'चें 'अट्ठ' होऊन 'आठ' झाले. इंग्रजीचा 'एट' आणि आपला 'आठ' हे एकाच आजोबांचे नातू, आणि दोघांनींहि मधलें व्यंजन वाटेंत गमावलें. भेद इतकाच कीं, आपण 'आठ' असें म्हणूं लागल्यावर 'आठ' असेंच लिहूं लागलों. इंग्रज मात्र, आपल्या शब्दांत सांगावयाचें तर, 'अष्ट' लिहून 'आठ' वाचीत राहिले. हा प्रकार हिंदुस्थानांतहि अगदीं अपरिचित नाहीं. बंगाली मनुष्य 'लक्ष्मी' असें लिहितो आणि 'लोक्खी' असें वाचतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाहीं.

'रफ', 'टफ', 'कॉफ', 'लाफ' यांतील फचें रहस्यहि असेंच सोपें आहे. ओ किंवा ऊ उच्चारतांना ओठ गोल होतात. त्या गोल ओठांतून घशांतील घर्षण बाहेर पडूं लागलें म्हणजे ऐकणाऱ्यास तें ओठांवरच होत आहे असें वाटतें. आणि ओठांवरचें घर्षण म्हणजेच फ. कांहीं परगण्यांतील लोक या शब्दांत फ म्हणूं लागले, कांहीं परगण्यांत घर्षण नुसतेंच विरून गेलें. लंडन हें चोहोंकडच्या लोकांचें शहर. त्यानें 'रफ' एका परगण्यापासून घेतला, 'दो' दुसऱ्यापासून. कणकेचा 'डो' दक्षिणेकडे तसाच राहिला, पण उत्तरेकडील लोक त्यालाच 'डफ' म्हणत, आणि त्या उच्चारानें तो एका उकडलेल्या गोड पदार्थाचें नांव होऊन राहिला. 'थ्रू' आणि 'थरो' हे आज दोन शब्द दिसतात, ते मुळांत एकच. जोर देऊन म्हणतांना तो लांबला आणि दुसरा झाला. 'ड्राफ्ट' हा शब्द जी-एचनेंहि लिहितात आणि एफनेंहि लिहितात, आणि दोहोंचा अर्थ आतां थोडा निराळा झाला आहे. तेव्हां आरंभीं ज्या सात उच्चारांची गंमत वाटली, ती लिपीची लहर नसून सात निरनिराळ्या गांवचीं माणसें एकाच गणवेषांत उभीं आहेत असा तो प्रकार आहे.

मुक्या अक्षरांना प्रतिष्ठा मिळाली कीं त्यांचे तोतयेहि निघतात. आनंद या अर्थाचा 'डिलाईट' हा शब्द फ्रेंचांतून आला. त्यांत घशांतील घर्षण कधींच नव्हतें. पण 'लाईट'शीं त्याचें यमक जुळतें, म्हणून सोळाव्या शतकांतील लेखकांनीं त्यालाहि जी-एचचें लेणें चढविलें. गर्विष्ठ या अर्थाचा 'हॉटी' हा फ्रेंच 'ओ' म्हणजे उंच या शब्दापासून निघालेला. त्यालाहि हें बिरुद फुकट मिळालें. उचकीला 'हिकप' म्हणतात. ती खोकल्याची बहीण असावी अशा समजुतीनें तिचा शेवट कोणीं 'कॉफ'सारखा लिहिला, आणि उच्चार मात्र 'हिकप'च राहिला. तेव्हां प्रत्येक मुकें अक्षर प्राचीन आहे असें समजून नमस्कार करीत सुटणें हाहि भोळेपणाच आहे. कांहीं शिलालेख खरे असतात, कांहीं मागाहून कोरलेले असतात.

इतकी भानगड असतांना सुधारणा कां झाली नाहीं, असा प्रश्न सहजच निघतो. प्रयत्न पुष्कळ झाले. जॉन हार्टनें १५६९ मध्यें उच्चारानुसारी लेखनाचा ग्रंथ लिहिला. पण रिचर्ड मल्कास्टर यानें १५८२ मध्यें रूढीची बाजू उचलून धरली, आणि जॉन्सनच्या १७५५ च्या कोशानें रूढीवर शिक्कामोर्तब केलें. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नोआ वेब्स्टर यानें १७८९ सालच्या निबंधांत 'टफ', 'लाफ', 'डॉटर', 'प्लाउ', 'ड्राफ्ट' या सर्वांतून जी-एच हांकलून देण्याची सूचना केली. त्यांतील शेवटचीं दोन रूपें अमेरिकेंत रुजलीं. बाकीचे शब्द जुन्याच वेषांत राहिले. १९०६ मध्यें अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर एक शुद्धलेखन-सुधारणा मंडळ निघालें, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याच्या तीनशें शब्दांच्या यादीप्रमाणें सरकारी छपाई करण्याचा हुकूम त्याच ऑगस्टांत दिला. वर्तमानपत्रांनीं टर उडविली, डिसेंबरांत प्रतिनिधिसभेनें विरोध केला, आणि ज्या पुरुषानें पनामाचा कालवा खणण्यास हात घातला त्याला 'थ्रू'मधील तीन अक्षरें हलवितां आलीं नाहींत. 'शिकागो ट्रिब्यून' या पत्रानें १९३४ पासून कांहीं शब्द सुटसुटीत करून छापण्याचा उपक्रम चालविला. चाळीसांहून अधिक वर्षांनीं, १९७५ मध्यें, 'दो', 'थ्रू' आणि 'थरो' या शब्दांना त्यानें पुन्हां जी-एच बहाल केलें. बर्नार्ड शॉनें तर आपल्या मृत्युपत्रांत नव्या वर्णमालेसाठीं पैसे ठेवले. त्या वर्णमालेंत त्याचें एक नाटक १९६२ मध्यें छापलें गेलें, आणि तें संग्रहालयाची वस्तु होऊन राहिलें.

या अपयशाचें खापर नुसत्या आळसावर फोडतां येणार नाहीं. उच्चाराप्रमाणें लिहावयाचें ठरलें तर उच्चार कोणाचा, हा पहिला प्रश्न. लंडनच्या माणसाचा, एडिंबरोच्या, टेक्ससच्या, कीं पुण्याच्या? 'नाईट' या शब्दाचीं पांच अक्षरें या चौघांनाहि सारखींच दिसतात. उच्चार ज्यानें त्यानें आपापला करावा. मुकें अक्षर कोणाच्याच उच्चाराची बाजू घेत नाहीं, म्हणून तें सर्वांस चालतें. दुसरी गोष्ट अशी कीं, कानानें सारखे वाटणारे शब्द डोळ्यानें निराळे ओळखावे लागतात. रात्र आणि वीर, दृष्टि आणि जागा, हक्क आणि धर्मविधि, या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या ऐकण्यास एक आहेत. कागदावर त्यांची गल्लत होत नाहीं ती मुक्या अक्षरांच्या कृपेनें. लिहिलेली भाषा बोललेल्या भाषेची नुसती सांवली आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. लिहिलेलें डोळ्यांसाठीं असतें, आणि डोळ्यांच्याहि कांहीं गरजा असतात.

या प्रश्नावर आपण तटस्थ प्रेक्षक नाहीं, कारण हेंच प्रकरण मराठींत होऊन गेलें आहे. आपल्या जुन्या लेखनांत अनुच्चारित अनुस्वार होते. ते आकाशांतून पडले नव्हते. संस्कृतांतील 'नाम' या शब्दांतला म मऊ होऊन अनुनासिक व झाला आणि 'नांव' झालें. 'दन्त'चा न पातळ होऊन 'दांत' झाला. नपुंसकलिंगी अनेकवचनाच्या 'नि' या प्रत्ययाचा अवशेष 'घरें', 'फळें' यांच्या टिंबांत राहिला. टिंब म्हणजे मेलेल्या नासिक्याची समाधि. देशावर तो ध्वनि गेला. कोंकणी भाषेंत मात्र तो पुष्कळ ठिकाणीं आजहि ऐकूं येतो, जसा स्कॉटलंडांत तो ख ऐकूं येतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्यें महाराष्ट्र सरकारनें मान्य केले आणि हीं टिंबें लेखनांतून गेलीं. हा लेख मीं जुन्या वळणानें लिहिला आहे तो हट्टानें नव्हे. वाचकानें इतकीं टिंबें पाहिलीं आणि एकाचाहि उच्चार न करितां तो येथवर आला, एवढें ध्यानीं यावें म्हणून. इंग्रज मूल जी-एच वाचतें तें असेंच.

टिंबें गेल्यानें मुलांचें ओझें हलकें झालें, हें मान्य केलें पाहिजे. जें नांव पाठ करण्यावांचून कळत नाहीं असें टिंब चुकलें म्हणून कित्येक बुद्धिमान मुलें शुद्धलेखनांत नापास होत. त्यांच्या दृष्टीनें १९६२ चे नियम न्यायाचे होते. परंतु कांहीं गेलेंहि. माणसाचें 'नांव' आणि नदींतील 'नाव' आतां एकाच वेषांत वावरतात. 'ते आले' म्हणजे पुरुष आणि 'तें आलें' म्हणजे मूल, हें पूर्वीं टिंब सांगे. आतां क्रियापदाच्या मात्रेनेंहि तें कळत नाहीं, मागचें-पुढचें पाहावें लागतें. इंग्रजांनीं मुलांच्या वर्षांची किंमत देऊन शब्दांची आठवण राखली. आपण आठवणीची किंमत देऊन मुलांचीं वर्षें वांचविलीं. दोन्ही सौदे आहेत, आणि फुकट कोणताच नाहीं.

हें सांगण्याचें प्रयोजन असें कीं, मराठी लेखनांतील ऱ्हस्व-दीर्घहि काढून टाकावे अशी मागणी अधूनमधून निघते. बोलतांना हा भेद पुष्कळदां पाळला जात नाहीं, ही गोष्ट खरी. पण 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. हा भेद कागदावर अजून काम करीत आहे. अशा चिन्हाविषयीं निर्णय करतांना एकच कसोटी लावावी : तें कानाला नको झालें असेल, पण डोळ्याला आणि अर्थाला त्याची गरज उरली आहे काय? उरली असेल तर तें चिन्ह राखावें. 'डिलाईट'मधील जी-एचप्रमाणें केवळ नकलेनें आलें असेल तर निर्धास्त सोडावें. इंग्रजांनीं ही निवड कधीं केलीच नाहीं. त्यांनीं खरेंखोटें सर्वच ठेवलें. आपणांस सर्वच टाकण्याचा मोह पडतो.

आणि ज्या मुलाच्या प्रश्नापासून आपण निघालों, त्याला आतां 'पाठ कर' याहून बरें उत्तर देतां येतें. त्याला सांगावें कीं, बाळ, हीं दोन अक्षरें पूर्वीं बोलत असत. जर्मनींत आणि स्कॉटलंडांत अजून बोलतात. तुझ्या आजीच्या नक्तांत त्यांचाच क आहे. एवढें ऐकल्यावर त्याची एकहि चूक होणार नाहीं असें नाहीं. पण चूक झाली तर आपण मंद आहों असें त्याला वाटणार नाहीं, आणि जी-एच ही जोडी त्याला परकी वाटणार नाहीं.